दुसरी काठी

फार जुन्या काळची गोष्ट आहे. इतक्या जुन्या काळची की तेव्हा राजा दूर असे आणि गाव आपला कारभार आपणच बघे. लहानांनी ऐकावी, थोरांनीही ऐकावी.

डोंगराच्या कुशीत बेचाळीस घरांचे एक गाव होते. गावाच्या वरच्या अंगाला तळे होते. तळ्याला मातीचा बांध, बांधाच्या पोटात दगडी मोरी, आणि मोरीला सागवानी फळ्यांचे दार. दार उचलले की पाणी पाटात उतरे आणि शेतोशेती जाई. दार बसवले की पाणी थांबे. गावाचे खाणेपिणे त्या दारावर होते.

त्या गावात एक रीत होती. ज्या घराने स्वतःची चूल मांडली, त्या घराने स्वतःची काठी तोडायची आणि तिच्या डोक्यावर घराची खूण कोरायची. कुणाचा नांगर, कुणाचे चाक, कुणाची मासोळी. दर पौर्णिमेला सकाळी चावडीपुढच्या उंबराखाली सभा भरे. प्रत्येकाने आपली काठी जमिनीवर आडवी ठेवायची. पाटील गावापुढचे काम सांगत. ज्याला मान्य असेल तो गप्प बसे. ज्याला मान्य नसेल तो आपली काठी उचलून उभी धरी.

एकच काठी उभी राहिली, तर लोक त्या माणसाचे ऐकून घेत आणि काम पुढे नेत. पण दुसरी काठी उभी राहिली की काम तिथेच थांबे. मग सगळ्या गावाने उठून जायचे, ज्या गोष्टीवर वाद आहे ती डोळ्यांनी बघायची, आणि मगच काय ते ठरवायचे. जुनी माणसे म्हणत, एकट्याला भास होतो, दोघांना दिसते.

रीत चांगली होती. बिघडली तीही चांगुलपणानेच.

एका साली एका म्हातारीचा पाय मोडला. ती म्हणाली, "मला येववत नाही, माझी काठी तेवढी न्या." लोकांनी नेली. काठी आली म्हणजे घर आले, असे सगळे म्हणाले. पुढच्या महिन्यात एकाला ताप होता. त्यानंतर एकाकडे पाहुणे आले. मग कुणाची मळणी, कुणाचे बारसे, कुणाला नुसताच कंटाळा. गावातला कुंभार मनाचा मऊ. त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे. पौर्णिमेच्या सकाळी तो गाढव घेऊन निघे, दारोदारच्या काठ्या गोळा करी, त्यांची मोळी गाढवावर लादी आणि उंबराखाली आणून ओळीने मांडी. बेचाळीस काठ्या पुऱ्या भरत. माणसे असत आठ-नऊ.

"आमच्या गावची सभा गाढव भरवतं," असे लोक हसत हसत म्हणत. त्यात खोटे काही नव्हते.

पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. आडवी ठेवलेली काठी आपणहून उठत नाही. जिच्यामागे माणूस नाही, त्या काठीचा सदाच होकार.

या गावात दोघे भाऊ राहत. त्यांचे आईबाप लवकर गेले होते आणि थोरल्यानेच धाकट्याला वाढवले होते. थोरला गावाचा पाटकरी होता. मोरीचे दार उचलायचे, बसवायचे, ज्याच्या त्याच्या शेताला वेळेवर पाणी द्यायचे, हे त्याचे काम. अंगाने दांडगा, बोलायला कमी. धाकटा त्याच्या उलट. तो आधी करी, मग विचार करी. कधी कधी तेवढाही करत नसे.

धाकट्याचे लग्न झाले आणि दोन महिन्यांत भावाभावांचे वाजले. कारण काय, तर एक कुऱ्हाड. धाकट्याने थोरल्याची कुऱ्हाड न विचारता नेली आणि दांडा मोडून आणली. थोरला म्हणाला, "विचारलं असतंस तर दुसरी दिली असती." बोलला तो एवढेच. पण चार माणसांत बोलला, आणि धाकट्याला ते लागले. त्याच दिवशी त्याने चूल वेगळी केली. वेगळ्या चुलीची वेगळी काठी. त्याने बाभळीची एक फांदी तोडली आणि खूण म्हणून तिच्यावर कुऱ्हाड कोरली. भावाच्या डोळ्यांत सलावी म्हणून.

थोरल्याने ती काठी हातात घेऊन बघितली. "सरळ आहे," म्हणाला. "आता सभेला येत जा. काठी झाली म्हणजे जावं लागतं."

"तुझा हुकूम आता माझ्या चुलीवर चालत नाही, दादा," धाकटा म्हणाला.

आणि तो सभेला गेला नाही. एकदाही नाही. त्याची काठी कुंभाराच्या गाढवावरून जाई.

चैत्रातल्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी थोरला धाकट्याच्या दारात येऊन उभा राहिला. चूल वेगळी झाल्यापासून पहिल्यांदाच. पाय ओले होते, सरळ पाटातून आला होता. उंबऱ्याच्या आत आला नाही.

"उद्या सभेला ये," तो म्हणाला.

धाकटा दोर वळत बसला होता. त्याने मान वर केली नाही. "काठी पाठवतो," म्हणाला.

थोरला थोडा वेळ थांबला. कशासाठी ये, ते त्याने सांगितले नाही. धाकट्याने विचारलेही नाही. मग थोरला गेला. दारापुढे त्याच्या ओल्या पावलांचे दोन ठसे राहिले. दोर वळून होईतो तेही वाळून गेले.

श्रावणात तळे काठोकाठ भरले. एके दुपारी मोरीच्या दाराची खालची फळी फुटली. पाणी असे सुटले की पाट फुटला आणि खालच्या आळीत गुडघाभर पाणी शिरले. मोरीच्या तोंडाशी बांधाची माती ढासळू लागली. बांध गेला असता तर गाव गेले असते. थोरल्याने गवताचा भारा चिखलात लोळवला, गोणपाटात बांधला, छातीशी धरला आणि तळ्यात उडी घेतली. भारा भगदाडात बरोबर बसला. पाणी थांबले.

थोरला वर आला नाही. लोकांनी त्याला बाहेर काढले तेव्हा त्याचा एक हात खांद्यापर्यंत त्या भोकात अडकलेला होता.

धाकटा शेतावर होता. हाका ऐकून धावत आला, तेव्हा भावाला बांधावर निजवले होते आणि लोक बाजूला सरून वाट करून देत होते. त्याने भावाचे पाय बघितले. ओले होते.

तेरावा झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी धाकट्याने कुऱ्हाड खांद्यावर टाकली आणि पाटलाचे घर गाठले.

पाटील ओसरीवर सुपारी कातरत होते. कुऱ्हाड बघून त्यांचा अडकित्ता थांबला.

"दार कुजलंय हे दादानं तुम्हाला सांगितलं होतं," धाकटा म्हणाला. "चैत्रातच सांगितलं होतं. वहिनीनं सांगितलं मला."

"हो, सांगितलं होतं."

"मग?"

"मग सभेपुढं ठेवलं. तळं रिकामं करायचं, घरटी एक माणूस, आठ दिवस राबायचं. उन्हाळ्यात उसाला पाणी कुठून आणायचं? पुढच्या साली बघू असं ठरलं."

"कुणाच्या उसाला?"

"माझ्याही," पाटील म्हणाले. "खोटं कशाला बोलू. पण मी एकट्यानं ठरवलं नाही, धाकट्या. गावानं ठरवलं. बेचाळीस काठ्या होत्या. एक उभी राहिली, तुझ्या भावाची. एकेचाळीस आडव्या होत्या."

"त्या एकेचाळिसांची नावं सांगा."

"गाव समोर आहे. जा, विचार."

धाकटा विचारायला निघाला. कुऱ्हाड खांद्यावरच होती. पहिले घर सुताराचे लागले.

"दार बदलायचं नाही, असं तू म्हणालास?"

"मी?" सुतार म्हणाला. "मी तेव्हा सासुरवाडीला होतो. आणि मी नको कशाला म्हणू? दार मीच केलं असतं की."

"तुझी काठी आडवी होती."

"काठी असेल. मी नव्हतो."

पुढच्या घरी एक बाई गोवऱ्या थापत होती. "मला काय ठाऊक? आमच्या ह्यांना विचार," ती म्हणाली. ते आतून ओरडले, "मला नको विचारू. काठी हिनं दिली गाढववाल्याला." त्याच्या पुढचा मेंढ्या राखणारा म्हणाला, "दाराचं काही होतं होय? मला वाटलं नेहमीसारखंच काहीतरी असेल."

दिवस कलेपर्यंत धाकटा दारोदार हिंडला. त्याच्या भावाला गावाने नकार दिला होता, आणि नकार देणारा माणूस साऱ्या गावात सापडेना.

शेवटी तो कुंभाराकडे आला. कुंभार चाकापाशी बसला होता.

"सगळ्यांच्या काठ्या तू नेल्यास," धाकटा म्हणाला. "तूच सांग. दादाला नको कोण म्हणालं?"

कुंभाराने चाक थांबवले. त्याने कुऱ्हाडीकडे बघितले नाही, धाकट्याच्या तोंडाकडे बघितले.

"बस, धाकट्या."

"बसायला नाही आलो."

"मग उभ्यानं ऐक. थोरल्यानं काठी उभी केली. म्हणाला, फळीत बोट जातंय, हा पावसाळा निघणार नाही. पाटील म्हणाले, एक काठी झाली, दुसरी आहे का? आम्ही तिथं नऊ जण. कुणी हललं नाही. थोरला पाटलांकडं बघत नव्हता. माझ्याकडंही बघत नव्हता. मी मांडलेल्या काठ्यांत एक काठी होती, तिच्याकडं बघत होता."

"कुठली?"

"बाभळीची. कुऱ्हाड कोरलेली."

धाकट्याच्या खांद्यावरची कुऱ्हाड खाली आली. कुणावर पडली नाही. नुसती खाली आली आणि ओल्या मातीत रुतली.

"त्याला एकच लागत होती," कुंभार म्हणाला. "आणखी एक. मग सगळं गाव मोरीवर गेलं असतं."

धाकट्याने विचारले, "आणि तुझी काठी?"

कुंभाराने चाक फिरवले. चाकावर माती नव्हती.

पुढची पौर्णिमा आली. मोरीच्या भगदाडात अजून गवताचा भाराच होता. आदल्या दिवशी गावात दवंडी फिरली, की पाटील सभेपुढे असे ठेवणार आहेत: तळे राजाच्या कारभाऱ्याच्या हवाली करावे. त्याचा माणूस येईल, मोरी सांभाळेल, पाणीही तोच वाटेल. गावाला झंझट नको.

पुष्कळांना ते आवडले. "एक कटकट गेली," ते म्हणाले. कुणाच्या शेताला कधी पाणी मिळेल हे मग तो माणूस ठरवणार, तिथे कुणाची काठी चालणार नाही, हा विचार कुणी केला नाही. दार बसवायला तो माणूस कधी येणार, हेही कुणी विचारले नाही. सकाळी त्यांनी नेहमीसारख्या काठ्या दाराशी टेकवून ठेवल्या.

कुंभाराचे गाढव मोळी घेऊन बांधाच्या कडेने चालले होते. धाकटा वाटेत आडवा आला. एक शब्द न बोलता त्याने मोळी सोडली, खांद्यावर घेतली आणि बांध चढू लागला.

"अरे, काठ्या कुठं नेतोस? माझ्या भरवशावर दिल्यात लोकांनी," कुंभार मागून धावला.

बांधावर धाकट्याची वहिनी उभी होती. ती सभेलाच निघाली होती. तिच्या हातात थोरल्याची काठी होती, मुठीच्या जागी घासून गुळगुळीत झालेली. बाईने सभेला जाऊ नये असा त्या गावात नियम नव्हता. नुसती सवय होती. काठी घराची असते, आणि घर अजून होते, म्हणून ती निघाली होती.

"काय करतोस, भाऊजी?"

"बुडवतो सगळ्या. यांनीच मारलं दादाला."

"बुडव," वहिनी म्हणाली. "पण मग पाटलांना काय म्हणशील? त्यांनी लोकांना न विचारता काठ्या मोजल्या. तू लोकांना न विचारता बुडवल्यास. त्या लोकांना विचारलं कुणी?"

धाकटा पाण्याच्या कडेला थांबला. त्याला मोडलेला दांडा आठवला. विचारलं असतंस तर दुसरी दिली असती.

त्याने मोळी खाली ठेवली आणि तिथेच बसला. गुडघ्यांत डोके घालून बसला. वहिनी म्हणाली, "रडायचं तर रड, पण चालत चालत रड. ऊन चढतंय."

धाकटा उठला. "कुंभारदादा," तो म्हणाला, "अर्ध्या काठ्या तू घे, अर्ध्या मी घेतो. ज्याच्या त्याच्या हातात परत देऊ."

कुंभाराचा चेहरा पडला. "मी लोकांचं ओझं हलकं करतो म्हणायचे सगळे."

"हलकं केलंस खरं," वहिनी म्हणाली. "इतकं हलकं केलंस की त्यांना ते आपलं आहे हेच आठवेना."

दोघे दोन आळ्यांना गेले. धाकटा दारोदार एकच सांगत होता. "आज तळ्याचं ठरायचंय. दादानं कोंबलेला भारा फार दिवस टिकणार नाही. तुमचं जे म्हणणं असेल ते येऊन सांगा. माझ्या बाजूनं बोला असं म्हणत नाही. पण काठीबरोबर माणूस पाहिजे."

कुणी काठी घेतली आणि दार लावून घेतले. एक जण म्हणाला, "मोठा आलास शिकवणारा. तू स्वतः कधी आला होतास?"

"कधीच नाही," धाकटा म्हणाला. "म्हणून सांगतोय."

त्या माणसाने काठी घेतली.

उंबराखाली पाटील वाट बघत होते. सूर्य डोक्यावर येईपर्यंत निम्म्या काठ्या जमल्या नाहीत तर सभा मोडली, अशी रीत होती. निम्म्या म्हणजे एकवीस.

"काठ्या कुठं आहेत?" पाटलांनी विचारले.

"घरी. माणसांपाशी," धाकटा म्हणाला.

"शाबास. आता सभा मोडेल. आणि सभा मोडली की पाटलानं एकट्यानं ठरवायचं, हीही रीतच आहे. ठाऊक आहे ना?"

धाकट्याला ते ठाऊक नव्हते. त्याने आयुष्यात कधी सभा बघितली नव्हती. न विचारता नेऊन कुऱ्हाडीचा दांडा मोडला होता, तसेच आज गावाचेही काहीतरी आपल्या हातून मोडते आहे, असे त्याला वाटले.

उंबराची सावली आखडत होती. नेहमीच्यांपैकी सात जण होते, धाकटा आणि वहिनी होती. सुतार आला. मेंढ्या राखणारा आला, मागोमाग चार मेंढ्याही आल्या. गोवऱ्या थापणारी बाई आणि तिचा नवरा आले, ते काठी कुणी धरायची यावर भांडतच आले. एक म्हातारा आला तो तरातरा धाकट्यापुढे जाऊन उभा राहिला. "मी सभेला नाही आलो. सकाळी सकाळी दारात येऊन डोकं खाल्लंस, म्हणून तुला चार शब्द सुनवायला आलोय."

"सुनवा," धाकटा म्हणाला. "तेवढी काठी खाली ठेवा आणि मग सुनवा."

लोक हसले. म्हाताऱ्यानेही काठी ठेवली.

असे होता होता एकोणीस झाल्या. आणि तिथेच थांबल्या. सावली खोडापर्यंत येऊन पोचली होती. पाटील उठू लागले.

तेवढ्यात वळणावरून गाढव आले. गाढवावर काठ्या नव्हत्या. गाढवावर ती म्हातारी बसली होती, जिचा पाय मोडला होता आणि जिच्यापासून हे सगळे सुरू झाले होते. एका हातात तिची काठी, दुसऱ्या हातात गाढवाची आयाळ. शेजारून कुंभार तिला धरून चालत होता. त्याच्या हातात आज एकच काठी होती, त्याची स्वतःची.

"हिची काठी परत द्यायला गेलो," कुंभार सांगू लागला, "तर मला म्हणते कशी, काठी राहू दे, मला उचल."

"इतकी वर्षं झाली," म्हातारी म्हणाली. "सगळ्यांनी काठी मागितली. मला येतेस का असं एकानं विचारलं नाही. पाटील, मोठ्यानं बोला हो, मला कमी ऐकू येतं."

एकवीस झाल्या. सभा भरली.

पाटलांनी मोठ्याने सांगितले. तळे राजाच्या कारभाऱ्याला द्यावे. ज्याची हरकत असेल त्याने काठी उभी करावी.

धाकट्याने बाभळीची काठी उचलली. "दाराच्या फळीत बोट जातं असं दादा म्हणाला होता," तो म्हणाला. "तळं कुणाला द्यायचं ते मागाहून ठरवा. आधी दार बघा. मला एवढंच म्हणायचंय."

"एक काठी," पाटील म्हणाले. "दुसरी आहे का?"

कुणी हलले नाही. धाकट्याने वहिनीकडे बघितले. ती येताना वाटेत म्हणाली होती, "माझी काठी तुझ्या मागं आहे असं धरून चालू नकोस, भाऊजी. मी ऐकीन, मग ठरवीन." ती अजून ऐकत होती.

धाकटा उभा होता. चैत्रात इथेच आपला भाऊ असा उभा होता, हे त्याला कळले. पुढे आडव्या पडलेल्या काठ्या. तेव्हा त्यांतली एक आपली होती. भावाला किती वेळ उभे राहावे लागले असेल, हेही त्याला कळले. फार वेळ नाही. दहा श्वास. पण ते दहा श्वास केवढे लांब असतात, ते उभ्या राहिलेल्यालाच ठाऊक.

"तर मग एक काठी वर," पाटील म्हणाले, "आणि बाकीच्या..."

खडखड आवाज झाला. कुंभार उठत होता. त्याच्या काठीवर चाक कोरलेले होते. इतक्या वर्षांत ती कुणी उभी बघितलीच नव्हती.

"माझी नेहमी मोळीच्या तळाला असायची," तो म्हणाला. "सगळ्यांच्या काढता काढता माझी उचलायची राहून जायची. चैत्रातही राहिली. आज राहू देणार नाही."

दुसरी काठी उभी राहिली होती. मग वहिनीने विचारले, "कारभाऱ्याचा माणूस दार बसवायला कधी येईल, पाटील?"

"निरोप जाईल, हुकूम निघेल. दोन-तीन महिने तरी लागतील."

"आणि भारा किती दिवस टिकेल?"

वहिनीने थोरल्याची काठी उभी केली.

रीतीप्रमाणे सगळे गाव उठून मोरीवर गेले. जे सभेला आले नव्हते तेही गर्दी बघून मागून आले. बांधाच्या खालच्या अंगाने मोरीचे तोंड होते, तिथून आत वाकले की दाराच्या फळ्या हाताला लागत. भाऱ्यातून पाणी झिरपत होते. सुताराने वरच्या फळीवर बोट टेकवले. बोट आत गेले. मग म्हाताऱ्याने टेकवले, मग मेंढ्या राखणाऱ्याने. एकामागून एक सगळे येत होते, बोट घालत होते आणि बाजूला होत होते.

शेवटी पाटील आले. त्यांचे बोट मुळापर्यंत आत गेले. त्यांनी ते लगेच बाहेर काढले नाही.

"उंबरापासून इथं यायला किती पावलं लागतात," ते म्हणाले. "चैत्रातच यायला हवं होतं मी."

धाकट्याला वाटले होते, हा माणूस एक दिवस असा खाली मान घालून उभा राहील तेव्हा आपल्याला बरे वाटेल. तसे काही वाटले नाही. भाऊ नव्हताच.

तिथेच बांधावर बसून ठरले. जादा पाणी जायचा सांडवा खोल कापून तळे उतरवायचे, घरटी एक माणूस आठ दिवस, आणि दार नवे. तिघांचे म्हणणे अजूनही तळे राजाला द्यावे असेच होते. त्यांनी ते उभे राहून सांगितले, लोकांनी ऐकून घेतले. पुढे त्या तिघांनीही आपले आठ दिवस पुरे भरले. पाटलाचा निम्मा ऊस त्या साली वाळला. पाटील ओसरीवरून तो बघत.

नवे दार बसले. ते धाकट्याने बसवले, कारण पाटकरी म्हणून गावाने त्याला नेमले. त्यानंतर त्या गावात असा नेम झाला, की काठी यावी ती हातातून यावी. जो आजारी असेल त्याच्या अंगणात दोघांनी जायचे आणि त्याचे म्हणणे त्याच्याच तोंडून ऐकून यायचे. म्हातारी मात्र कुणाला अंगणात येऊ देईना. ती दर पौर्णिमेला गाढवावर बसून येई आणि सगळ्यांत जास्त काठी तीच उचली. "आमच्या गावची सभा गाढव भरवतं," असे लोक तरीही म्हणत.

धाकटा पुढे शहाणा झाला असे काही नाही. पुष्कळदा त्याची काठी उगाचच उभी राही, आणि लोक त्याला तसे तोंडावर सांगत. पण पौर्णिमेच्या आदल्या दिवशी, पाटातून ओल्या पायांनी येताना, तो जे दार बंद दिसेल त्या दारात थांबे. "उद्या ये," एवढे म्हणून तो जात नसे. कशासाठी ये, तेही सांगे. आणि आतला माणूस मान वर करीपर्यंत तिथेच उभा राही.

म्हणून सांगतात, जिथे ठरायचे तिथे स्वतः हजर राहा. आपण गप्प राहिलो की आपल्या नावावर होकार लागतो, आणि त्याची किंमत कधी कधी आपलेच माणूस भरते.